वाचक विचारतात : आवड, सवय आणि मनातला बेत

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं : तुमची आवड कोणती, जपलेली सवय कोणती, आणि आयुष्यात एकदा तरी करायचंच असं काय ठरवलं आहे? पत्रं भरपूर आली. त्यातली बरीचशी 'मग आता सुरुवात कुठून करू?' या प्रश्नावर थांबली होती. त्यांपैकी पाच पत्रांना त्या त्या विषयातल्या जाणकारांनी दिलेली ही उत्तरं.

प्रश्न : वय ४४, बँकेत नोकरी. दर रविवारी गंगापूर रोडने २५ किलोमीटर सायकल चालवते. एकदा तरी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पूर्ण करायची आहे. जमेल का? ४० किलोमीटरच्या पुढे गेलं की गुडघा समोरून दुखतो आणि तळहातांना मुंग्या येतात.
(एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : जमेल, ताई. नियमित २५ किलोमीटर चालवणाऱ्याला बारा आठवड्यांची तयारी पुरते. नाशिकमध्ये या वेडाला वातावरणही चांगलं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्याच भावांनी २०१५ साली दोघांचा संघ करून 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून शहरात पहाटे सायकली दिसायला लागल्या त्या आजतागायत.

आधी गुडघा. समोरून दुखतो म्हणजे बहुतेक वेळा सीट खाली आहे. भिंतीला टेकून सायकलवर बसा, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा चवडा ठेवलात की गुडघ्यात थोडासा वाक राहील, तो बरोबर. उंची एकदम वाढवू नका, आठवड्याला पाच मिलिमीटर पुरे. गुडघा मागून दुखायला लागला तर सीट जास्त वर गेली असं समजा. दुसरं कारण जड गिअर. चढावर दात-ओठ खात पेडल मारण्यापेक्षा हलका गिअर टाकून मिनिटाला ८०-९० फेरे ठेवा. मुंग्या येतात कारण अंगाचा भार हातांवर येतो. सीटचं टोक खाली झुकलं असेल तर ती सपाट करा, कोपरं सैल ठेवा आणि दर दहा मिनिटांनी पकड बदला.

आता सराव. आठवड्यात दोन दिवस तासभर चालवायचं आणि रविवारी लांब पल्ला. लांब पल्ला साधारण असा वाढवा : ४०, ५०, ६०, मग एक आठवडा हलका ४५. नंतर ७०, ८५, १००, पुन्हा हलका ६०. शेवटी ११५, १३०, मग ७०, आणि बाराव्या आठवड्यात ब्रेव्हे. हलका आठवडा गाळायचा मोह होतो, तो टाळा, कारण स्नायू भरून येतात ते विश्रांतीतच. त्र्यंबकेश्वरला जाऊन परत आलात की सुमारे ६० होतात. इगतपुरीला जाऊन येणं नव्वदच्या घरात जातं आणि वाटेत चढाचाही सराव होतो. १३० जमले की २०० जमतात.

ब्रेव्हे ही शर्यत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी सरासरी १५. तुम्ही चालताना ताशी २० ठेवलेत तरी दहा तास लागतात आणि साडेतीन तास हातात उरतात. हा वेळ चढावर जात नाही, चहाच्या टपरीवर जातो. पाच थांबे प्रत्येकी २० मिनिटांचे म्हटलं तरी शंभर मिनिटं गेली. कंट्रोल पॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर, उतरल्यावर आधी कार्डावर शिक्का, मग पाणी, मग खाणं, हा क्रम सोडू नका. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि चकाकणारं जॅकेट नसेल तर सुरुवातीलाच अडवतात. घरच्यांची गाडी मागे ठेवून मदत घेता येत नाही. मदत फक्त कंट्रोलवर.

दर तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी आणि ४० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय खाणं पोटात जायला हवं. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम येतं. राजगिऱ्याची चिक्की, गूळपोळीचे तुकडे, जॅम लावलेला ब्रेड चालतो. भूक लागण्याची वाट पाहू नका, घड्याळ बघून खा. मिसळ मात्र शेवटच्या कंट्रोलनंतर, कारण तर्रीतलं तेल पचायला वेळ घेतं आणि वाकून बसल्यावर वर येतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरसाठी असतं. ते ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सगळं ओतलं की मळमळतं.

सगळ्यात जास्त ब्रेव्हे बिघडतात त्या पंक्चरमुळे, खरं तर दुसऱ्या पंक्चरमुळे. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात, गावच्या रस्त्यावर बाभळीचे काटे. ट्यूब बदलली, हवा भरली आणि दोन किलोमीटरवर पुन्हा चाक बसलं, तर तार टायरमध्येच राहिली असं समजा. म्हणून नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. जिथे अडकेल तिथे तार असते. ती आतून दिसत नाही, टायर उलटा वाकवला की टोक वर येतं, मग नखाने किंवा चिमट्याने ओढा. दोन ट्यूब, टायर काढायच्या तीन पट्ट्या, पंप आणि पॅचचं पाकीट एवढं सोबत हवंच. आणि ब्रेव्हेच्या आधी घरी तीनदा मागचं चाक काढून बसवा. पुढचं सगळ्यांना जमतं, अडतं ते मागचं.

प्रश्न : लग्नाचा बायोडेटा आणि नोकरीचा अर्ज, दोन्हीकडे 'आवडीनिवडी' आणि 'ध्येय' हे रकाने आहेत. सगळे 'वाचन, प्रवास, संगीत' लिहितात. मी काय लिहू?
(एक वाचक, सिडको)

उत्तर : ज्यावर पुढचे दोन प्रश्न आले तरी बोलता येईल, तेवढंच लिहा. 'वाचन' म्हटलं की समोरचा 'सध्या काय वाचताय?' विचारणारच. त्यामुळे 'मराठी प्रवासवर्णनं, महिन्याला एक. सार्वजनिक वाचनालयाची सभासद' असं लिहा. १८४० पासून चालत आलेलं वाचनालय आपल्या गावात आहे, वर्गणी भरून सभासद व्हा आणि मग लिहा. दोन आवडी पुरतात. सुटलेला छंद असेल तर 'पूर्वी' हा शब्द न विसरता घाला.

लग्नाच्या बायोडेटात आवडींपेक्षा सवयी जास्त उपयोगाच्या, आणि त्याच कोणी लिहीत नाही. पहाटे पाचला उठणं, रात्रपाळी, मांसाहार, घरातलं मांजर, रविवारी ट्रेकला जाणं, या गोष्टींशी दुसऱ्या माणसाला रोज जुळवून घ्यायचं असतं. त्या स्पष्ट लिहा. ध्येयात मुदत आणि सुरू झालेलं काम दिसू द्या : 'पुढच्या दोन वर्षांत सीएची अंतिम परीक्षा, पहिला ग्रुप पूर्ण' यातून तुमच्याबद्दल जेवढं कळतं तेवढं 'यशस्वी व्हायचं आहे' यातून कळत नाही.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. पक्षी बघण्याची हौस आता पुरवायची आहे. दुर्बीण कोणती घ्यावी? नांदूर मध्यमेश्वरला दोनदा गेलो, पण सगळी बदकं तपकिरीच दिसली.
(एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : सर, ८ × ४२ घ्या. आठ म्हणजे आठपट जवळ दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट घेतली की पक्षी मोठा दिसतो खरा, पण हाताची थरथरही तेवढीच वाढते आणि दिसणारा परिसर आक्रसतो. चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या रबरी वाट्या आत फिरवा. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. नंतर डावा मिटून उजव्या बाजूची कडी फिरवा, मधलं चाक हलवू नका. एवढं एकदा केलं की पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. आणि पक्षी दिसल्यावर नजर त्याच्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. नजर खाली नेऊन दुर्बीण लावली की तो सापडत नाही.

गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साठून उथळ पाणी आणि पाणवनस्पती तयार झाल्या, म्हणून हे पक्षी तिथे येतात. २०२० साली हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. तुम्ही गेलात तो महिना पत्रात नाही, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर तपकिरी बदकांचा उलगडा होतो. वीण संपल्यावर नर बदकं भडक पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखी दिसतात. नवी पिसं हिवाळ्यात हळूहळू येतात. जानेवारीत जा. निफाडची थंडी अंगावर घ्यायची तयारी ठेवा आणि उजाडताना पोहोचा. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरते आणि चांगल्या दुर्बिणीतूनही कडा पुसट दिसतात. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडा, नाहीतर सगळ्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील.

रंगावरून ओळखायचं सोडा, चोच आणि शेपटी बघा. थापट्याची चोच टोकाला उलथन्यासारखी पसरट, डोक्यापेक्षा लांब. तो पाण्यात चोच बुडवून गोलगोल फिरत गाळून खातो. तलवार बदकाची मान लांब आणि शेपूट टोकदार. हळदी-कुंकू बदक इथलंच, बारमाही : चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके, नर-मादी जवळपास सारखे, त्यामुळे सुरुवात त्याच्यापासून करा. आणि ज्या काळ्या 'बदका'ची चोच व कपाळ पांढरंशुभ्र आहे, ते बदकच नव्हे. तो वारकरी, पाणकोंबडीच्या कुळातला. त्याच्या बोटांमध्ये पडदा नसतो, बोटांनाच झालरी असतात.

वहीत वेळ, जागा, संख्या आणि चोचीचं चित्र काढा, कितीही वेडंवाकडं असलं तरी. पुस्तक त्यानंतर उघडा. आधी पुस्तक पाहिलं की जे दिसलं नाही तेही दिसल्यासारखं वाटतं.

प्रश्न : आजोबांच्या डब्यात जुनी नाणी सापडली. चिंचेने घासून लख्ख करू का? नाणी जमवण्याचा छंद धरायचा आहे.
(एक वाचक, सिन्नर)

उत्तर : चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही लावू नका! आम्लाने वरचा थर निघतो, त्याबरोबर अक्षरांच्या कडा जातात आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत तिथेच पडते. तांब्यावरचा गडद, घट्ट थर नाण्याचं रक्षण करतो. फिकट हिरवा, भुकटीसारखा सुटणारा थर दिसला तर मात्र ते नाणं लगेच वेगळं ठेवा, तो गंज पसरतो. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपा. नाणं कडेने धरा.

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पाकिटांचे अल्बम घेऊ नका. काही वर्षांत ते चिकट हिरवा थर सोडतात. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदला. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि व्हर्निअर कॅलिपर ही पहिली खरेदी. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा. झीज धरूनही वजन बरंच कमी भरलं, किंवा कडेवर जोडाची रेघ दिसली, तर ते साच्यात ओतलेलं नकली नाणं असण्याची शक्यता दाट. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, हेही ध्यानात ठेवा.

'मिळेल ते' जमवू नका, एक विषय धरा. नाशिककरांसाठी तर विषय दारात आहे. मराठेशाहीत इथे टांकसाळ होती, त्या रुपयांवर फारसीत 'गुलशनाबाद' हे नाशिकचं नाव येतं. जोगलटेंभीला नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले छाप मारले होते. नहपानाच्या चेहऱ्यावरच चैत्याच्या कमानी ठोकलेल्या दिसतात, खालचं नाक आणि केस अजून ओळखू येतात. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा शिलालेख आहे, त्यात पस्तीस कार्षापणांना (चांदीच्या नाण्यांना) एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) हा दर कोरलेला आहे. नाण्याचा भाव त्याच गावच्या भिंतीवर वाचता येणं फार थोड्या संग्राहकांच्या नशिबी येतं. अंजनेरीजवळच्या नाणेशास्त्र संस्थेत संग्रहालय आहे, चौकशी करून जा.

एक कायद्याची गोष्ट. घरातल्या डब्यातली नाणी वेगळी, पण शेतात नांगराला लागलेली नाणी ठेवून घेता येत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची. तिला कविता राऊतसारखं धावायचं आहे. रोज डांबरी रस्त्यावर १० किलोमीटर पळते. हल्ली गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलंय, दाबलं की दुखतं.
(एक आई, हरसूल)

उत्तर : पळणं आजच कमी करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात हाड झपाट्याने वाढतं. मांडीच्या स्नायूचा दोर नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो, तो भाग अजून कोवळा असतो. रोजच्या ओढीने तिथे सूज येते आणि टेंगूळ होतं. वाढत्या वयातल्या खेळाडूंमध्ये हे नेहमी दिसतं आणि बहुतेक वेळा वेळीच आवर घातला की बरं होतं. दुखत असताना उड्या, जिने आणि उतार बंद, बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं.

बरं वाटल्यावर आठवड्यात चारच दिवस, मातीवर किंवा गवतावर, एका वेळी ३-४ किलोमीटर आणि तेही बोलता बोलता पळता येईल अशा वेगाने. एक दिवस ६० ते १०० मीटरचे छोटे वेगवान तुकडे. कविताताईंनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक मिळवलं तेव्हा त्या पंचविशीत होत्या. तुमच्या मुलीकडे अजून दहा वर्षं आहेत. तोवर ८०० आणि १५०० मीटर हेच तिचं अंतर. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर कितीही सराव केला तरी दम लागत राहील, आणि मुलगी आळशी आहे असा सगळ्यांचा उगाच समज होईल. नाचणी, पालेभाजी, गूळ, अंडी जेवणात असू द्या. भाकरीबरोबर लिंबू पिळून द्या, लोह अंगी लागतं. जेवल्यावर लगेच चहा मात्र देऊ नका.