वाचकांचे प्रश्न : गावच्या बाया आणि इतिहास परिषद

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका आहे. स्त्रियांच्या इतिहासावर आमच्या भागात विभागीय परिषद भरणार असून निबंध मागवले आहेत. लिहिण्याची इच्छा आहे. परंतु आमच्या गावात कोणी नामवंत स्त्री होऊन गेलेली नाही. अशा गावाविषयी काय लिहावे आणि कशाच्या आधारे लिहावे?

उत्तर : नामवंत स्त्री नसणे ही आपल्या निबंधाची उणीव मानू नये. विदर्भाला अशा स्त्रियांची वाण नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांच्या दुटप्पीपणाचा रोखठोक हिशेब मांडला. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क व बहुपत्नीत्वास बंदी यांच्या जोडीने कामगार स्त्रियांच्या रजेचाही ठराव केला. परंतु ताराबाईंचे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले होते, स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापले म्हणून आज ते आपल्या हाती आहे. नागपूरच्या परिषदेतही व्यासपीठावरची नावे राहिली. मांडवात बसलेल्या हजारो बाया कोणत्या गावांहून आल्या, लेकरे कोणाच्या भरवशावर ठेवून आल्या, याविषयी फार थोडे लिहिले गेले. आपल्या गावातून कोणी गेले होते का, हे त्यांच्या लेकी-सुनांना विचारून पाहावे.

आधाराचे म्हणाल, तर सर्वांत जवळचे दप्तर तहसील आणि तलाठी कार्यालयातच आहे. जुन्या कोतवाल बुकात जन्माची नोंद बहुधा ‘अमक्यास मुलगी झाली’ अशी आढळते. त्यात बापाचे नाव असते, जात असते, तारीख असते. जिने नऊ महिने पोटात वागवले तिचे नाव मात्र बहुतेक वेळा नसते. बाई कागदावर येते ती जमिनीच्या निमित्ताने, कोणाची ‘जौजे’ (बायको) म्हणून किंवा कोणाची ‘बेवा’ (विधवा) म्हणून. त्यामुळे एकाच बाईचा माग काढायचा तर माहेर आणि सासर अशा दोन्ही गावांची दप्तरे पाहावी लागतात, आणि लग्नात नाव बदलले असेल तर ते घरच्यांकडूनच कळते.

मला विचाराल तर आपण फेरफाराच्या, म्हणजे जमिनीवरील हक्क बदलल्याच्या, नोंदी हाच विषय घ्यावा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस मानले. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित मुलींनाही तो मिळाला. आता आपल्या गावातील दहा-पंधरा कुटुंबांचे फेरफार १९५० पासून क्रमाने लावून पाहावेत. बहिणींची नावे वारस म्हणून केव्हा चढू लागली, हक्कसोडपत्र होऊन ती किती लवकर उतरली, आणि कोणाचे नाव सातबाऱ्यावर आजतागायत टिकले, एवढे पाहिले तरी कायदा दिल्लीहून आणि मुंबईहून निघून आपल्या गावाच्या धुऱ्यापर्यंत पोहोचायला किती काळ लागला हे समोर येईल. त्यानंतर ज्यांनी सही वा अंगठा दिला त्या बहिणींकडे जावे. माहेर तुटू नये म्हणून दिला, भावाच्या डोक्यावर कर्ज होते म्हणून दिला, की कागद कशाचा हे कोणी सांगितलेच नाही, ही उत्तरे कोणत्याही दप्तरात मिळणार नाहीत. माझ्या मते त्यांच्याशिवाय हा निबंध अर्धवट राहील. मात्र जी जमीन आज वादात आहे, तिच्या मालकांची नावे निबंधात घालू नयेत.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. आजीने उभा जन्म कापूस वेचण्यात आणि निंदण-खुरपणात घालवला. तिची मुलाखत घ्यायला बसले की काका तिच्याऐवजी उत्तरे देतात, आणि सन विचारला की ती गप्प होते. काय करावे?

उत्तर : आजीला एकटीला गाठावे, आणि तेही तिचे हात कामात असताना. डाळ निवडताना किंवा वाती वळताना जी बाई मोकळेपणी बोलते, तीच समोर मोबाईल धरून प्रश्न विचारला की ‘मले काय समजते’ म्हणून विषय संपवते. सन विचारू नये. पहिले लेकरू झाले तेव्हा वेचणीला काय मजुरी होती, मजुरी दिवसावर होती की वजनावर, वजन कोण करत असे, काट्यात घट धरली तर बाया बोलत की मुकाट्याने घेत, असे विचारावे. एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस फक्त सरकारनेच घेण्याची योजना, १९७२ मध्ये सुरू झाली. कापसाच्या बंड्या खरेदी केंद्रावर जाऊ लागल्या त्याच्या आधीचे की नंतरचे, एवढे आजी नक्की सांगेल. घरचे वावर असेल तर चुकाऱ्याचे पैसे कोणाच्या हातात पडत, हेही विचारावे, कारण पावती निघे ती ज्याच्या नावे सातबारा त्याच्या नावे.

भुलाबाईची गाणी ती म्हणत असेल तर अवश्य उतरवून घ्यावीत. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत लेकींनी म्हटलेल्या या गाण्यांत सासर-माहेरचे जे बोलले जाते ते एरवी उंबऱ्याबाहेर पडत नाही. तिची वऱ्हाडी जशी आहे तशीच लिहावी. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. मुलाखतीस निघण्यापूर्वी ते वाचावे. लिहून झाल्यावर आजीला सगळे वाचून दाखवावे आणि ती जे गाळ म्हणेल ते निमूटपणे गाळावे.

प्रश्न : मेहकर तालुक्यातील आमच्या संस्थेने अशी परिषद घेण्याचे ठरवले आहे. ती केवळ प्राध्यापकांची होऊ नये यासाठी काय करावे?

उत्तर : उद्घाटन आणि सत्कार एका तासात आटोपावेत. ज्या बायांच्या आयुष्यावर निबंध वाचले जाणार आहेत त्यांना श्रोत्यांत न बसवता एक पूर्ण सत्र त्यांच्यासाठी राखावे, आणि प्रश्न विचारणाऱ्यांनी त्यांच्या बोलीत विचारावे. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती मानधन म्हणून हातात द्यावी. शाल आणि नारळ देऊन ती भरून निघत नाही. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा वेचणीच्या भरात तारीख ठेवल्यास कोणीही येणार नाही. संक्रांत झाल्यावर हरभरा सोंगणीला येईपर्यंत थोडी उसंत असते, तेव्हाचा दिवस धरावा, आणि शेवटचे सत्र गावाकडे जाणाऱ्या एसटीच्या वेळेआधी संपवावे.