आजोबांच्या फिल्म कॅमेऱ्यात रोल भरू की सेकंडहँड डिजिटल घेऊ? स्वस्त काय पडेल?

स्वस्त डिजिटलच, त्यात वाद नाही. कलर रोल हल्ली हजाराच्या आसपास पडतो, त्यात फोटो ३६, वर धुणं आणि स्कॅनिंगचे चार-पाचशे, आणि मला तर इथून दापोलीहून रोल कुरियरने मुंबईला पाठवावा लागतो, म्हणजे एक क्लिक चाळीसच्या वर गेलाच. हर्णै बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की डिजिटलवर तासाभरात सहज दोनशे फोटो निघतात, तेवढ्याला फिल्मचे सहा रोल लागतील!

पण म्हणून आजोबांचा कॅमेरा भंगारात देऊ नका हो. भर दुपारी वाळू आणि लाटेचा फेस डिजिटलवर पांढराफटक झाला की त्यातलं डिटेल परत येत नाही, कलर निगेटिव्ह, म्हणजे हाच नेहमीचा कलर रोल, मात्र जास्तीचा उजेड बराच पचवते, फेसातले बुडबुडेसुद्धा दिसतात. मला तो फोटो जास्त आवडतो, खरंच.

रोल भरायच्या आधी मागचं झाकण उघडा, शटर उघडं धरा (B वर ठेवून बटण दाबून) आणि लेन्समधून टॉर्च मारा. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, आपल्या पावसाळी हवेत हमखास धरते, डिजिटलच्या लेन्सलाही. चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर आधी बदलून घ्या, नाहीतर उजेड आत शिरून रोल फुकट जातो. पहिला रोल टेस्टिंगचा धरा, घरच्या लग्नाला नको.