वेल्डिंग शिकवायला सस्काचेवानला यायचंय? आधी रेड सील

नमस्कार दादा. नाशिकच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवताय, कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतात फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळनिवासी समाजांच्या, वस्त्यांवर कॉलेजतर्फे शिकवायचं काम मिळेल का, असं तुम्ही विचारलंत. मिळू शकतं, पण आधी रेड सील, म्हणजे कॅनडाभर मान्य असलेलं ट्रेडचं प्रमाणपत्र, हवं.

अनुभवी माणसाला पुन्हा अप्रेंटिस व्हावं लागत नाही. कामाचे तास सिद्ध केले की परीक्षेला बसता येतं, ७० टक्क्यांना पास. म्हणून निघण्यापूर्वीच जुन्या कंपन्यांकडून प्रत्यक्ष वेल्डिंगच्या तासांसकट पत्रं घ्या. इथून मागवत बसलात तर हाल होतात.

रेड सीलवर एवढा जोर देतोय, कारण इथली अप्रेंटिसशिप वर्षातले थोडे आठवडे वर्गात आणि बाकी सगळी कामावर होते, जर्नीपर्सनच्या, म्हणजे प्रमाणपत्र असलेल्या कारागिराच्या, देखरेखीखाली. दूरच्या वस्तीवर असा माणूसच सापडत नाही. पोरं पहिली लेव्हल पास होतात आणि पुढचे तास भरत नाहीत म्हणून अडकून पडतात. हात इतके चांगले असतात की बघून जीव तुटतो. तुम्ही तिथे शिकवण्याइतकेच यासाठीही हवे असाल.

सस्काचेवान इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीज ही १९७६ पासूनची, फर्स्ट नेशन्सची स्वतःची संस्था. ब्रिटिश कोलंबियात मेरिटची निकोला व्हॅली इन्स्टिट्यूट १९८३ची. तिने तर ट्रेलरमध्ये वर्कशॉप बसवून ते वस्त्यांवर नेलं. पोरंबाळं सोडून शहरात भाड्याने राहणं कित्येकांना जमत नाही, म्हणून.

कॉलेज आणि वस्तीच्या अशा भागीदारीत कुठला ट्रेड, कधी, हे बँड कौन्सिलबरोबर, म्हणजे वस्तीच्या निवडलेल्या पंचमंडळाबरोबर, बसून ठरतं. मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीच्या दिवसांत वर्ग लावला तर कोणी येणार नाही. कोणी वारलं तर अख्खी वस्ती तिकडे असते. तेव्हा हजेरीचा विषय काढायचा नाही. शिवाय इथे मूळनिवासींच्या मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत नेलं, त्यांची भाषा तोडली. सस्काचेवानमधलीच गॉर्डन्स ही निवासी शाळा १९९६ साली बंद झाली, म्हणजे तुमच्या विद्यार्थ्यांचे आईवडील तिथे शिकलेले असू शकतात. वर्गात पहिले काही दिवस कोणी बोललं नाही तर राग मानू नका, आवाज चढवू नका.

आल्या आल्या ड्रायव्हिंग लायसन्स काढा, तिकडे बस जात नाही. पत्रांचा मसुदा पाठवा, मी बघून देतो.