आजोबांचं रिव्हॉल्व्हर : ओळख, किंमत आणि कायदा

जुन्या हत्यारांबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना ही उत्तरं. बहुतेक पत्रांचा शेवट 'किंमत किती येईल?' असा होता. त्याकडे शेवटी येतो, कारण आधीची उत्तरं वाचल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थ नाही.

प्रश्न : वाड्याच्या माळ्यावर पेटीत एक रिव्हॉल्व्हर सापडलं. वरची कळ दाबली की मधोमध मोडतं आणि नळी खाली झुकते. डाव्या अंगावर इंग्रजीत 'वेब्ली', 'मार्क व्हीआय' आणि '१९१७' कोरलंय. घरात सगळे सांगतात, हे सत्तावन्नच्या बंडात आमच्या पूर्वजांनी गोऱ्या साहेबाकडून हिसकावलं. — एक वाचक, सातारा

उत्तर : साल तुम्हीच वाचलंय आणि ते बरोबर आहे. हे ब्रिटिश सैन्याचं वेब्ली मार्क ६, पहिल्या महायुद्धात १९१५ साली आलेलं. सहा इंची नळी, चौकोनी बुडाची मूठ आणि .४५५ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इथे इंचात) जाड काडतूस ही त्याची ओळख.

पण साल कोरलेलं नसतं तरी एवढं सांगता आलं असतं की हे सत्तावन्नचं नाही. त्या वेळी साहेबांच्या कमरेला असायची ती कोल्ट किंवा ॲडम्स बनावटीची रिव्हॉल्व्हरं, आणि ती ठासणीची होती. कोकणात शेतराखणीला अजून ठासणीच्या बंदुका दिसतात, तोच प्रकार, फक्त सिलिंडरच्या, म्हणजे मधल्या फिरत्या नळकांड्याच्या, प्रत्येक खणात वेगळा बार भरायचा. पुढून दारू, मग शिशाची गोळी, आणि मागच्या निपलवर, म्हणजे बारीक पोकळ टोकावर, तांब्याची टोपी. घोडा त्या टोपीवर आपटला की बार उडायचा. तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरला आरपार भोकं आहेत आणि त्यात मागून धातूचं काडतूस बसतं. अशा आरपार सिलिंडरचं अमेरिकन पेटंट रॉलिन व्हाइटने १८५५ मध्ये घेतलं. स्मिथ अँड वेसनने त्याच्या जोरावर १८५७ मध्ये पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं, तेही .२२ चं, खिशात मावणारं. मोठ्या बोअरची, मोडून उघडणारी, उघडताक्षणी रिकामी काडतुसं बाहेर फेकणारी वेब्ली ब्रिटिश सैन्याने स्वीकारली ती १८८७ मध्ये.

म्हणून गोष्ट खोटीच ठरवू नका. घरात एकेकाळी खरंच ठासणीचं हत्यार असेल, ते कधीतरी गेलं असेल आणि त्याची गोष्ट या नव्या पाहुण्याला चिकटली असेल. असं पुष्कळ घरांत होतं. माझ्या मते तुम्ही सत्तावन्न सोडून १९१४ ते १९१८ कडे बघावं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या होत्या. घरात कुणाचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पदकाच्या कडेला कोरलेलं नाव आणि नंबर मिळतो का ते शोधा. असा एक कागद दहा तोंडी गोष्टींपेक्षा जास्त किमतीचा असतो.

आता महत्त्वाचं. .३८० आणि .४५५ ची काडतुसं ज्यात बसतात ती रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. साधा परवाना असलेल्यालाही ती ठेवता येत नाहीत. पेटीत परवान्याचं जुनं पुस्तक नसेल तर एखाद्या वकिलाशी बोला आणि वेळ न दवडता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे हत्यार जमा करून पावती घ्या. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ मध्ये ही सोय आहे. आणि जमा करेपर्यंत ते भरलेलंच आहे असं समजा. शंभर वर्षांचं काडतूससुद्धा उडू शकतं.

प्रश्न : वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर गंजून जाम झालंय, घोडाही हलत नाही. अशा निकामी वस्तूला परवाना लागत नाही असं ऐकलं. पॉलिश पेपरने घासून दिवाणखान्यात फ्रेम करून लावायचा विचार आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही विचार थांबवा.

तुम्ही ऐकलंय ते शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधलं. जुनाट पद्धतीचं, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त हत्यार त्यातून सुटतं, पण अट अशी की दुरुस्ती करूनही ते चालता कामा नये. लोक ही अट विसरतात. गंजाने जाम झालेला घोडा कारागीर दोन दिवसांत मोकळा करतो, म्हणजे तुमचं हत्यार या सवलतीत बसेलच असं नाही. ते ठरवणं तुमचं काम नाही आणि माझंही नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून, म्हणजे पुण्यात पोलीस आयुक्तालयातून, लेखी उत्तर घ्या. वडिलांच्या नावावर परवाना असेल तर वारस म्हणून अर्ज करता येतो, पण तो निकाली निघेपर्यंत हत्यार जमा हवं.

आणि पॉलिश पेपर? कारखान्यातून निघताना पोलादावर जो निळसर-काळा थर असतो, तो किती टक्के शिल्लक आहे यावर संग्राहक भाव ठरवतात. दोन रिव्हॉल्व्हरं एकाच नमुन्याची, एकावर निम्मा थर आणि दुसरं आरशासारखं घासलेलं, तर घासलेल्याला गिऱ्हाईक हात लावत नाही. घासताना अक्षरांच्या कडा बोथट होतात, छाप पुसले जातात, म्हणजे ओळखीचा पुरावाच जातो. तपकिरी झालेलं पोलाद तसंच राहू द्या. विक्रेत्याकडे ठेवाल तेव्हा मऊ फडक्याने तेलाचा हलका हात फिरवायला सांगा, बस्स.

प्रश्न : आजोळी एक लहानसं रिव्हॉल्व्हर आहे. चापाला संरक्षक कडं नाही, चाप पुढे दुमडतो. कंपनीचं नाव कुठेच नाही, फक्त सिलिंडरवर लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं आणि खाली चांदणी. ही कुठली कंपनी? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कंपनी नाही, चाचणीचा छाप आहे. बेल्जियममधल्या लिएज शहरात प्रत्येक हत्यार सरकारी चाचणीघरात जादा बार भरून तपासत आणि मग हा शिक्का मारत. १८९३ पासून लंबगोलावर मुकुटही येऊ लागला. तुमच्या छापावर मुकुट नसेल तर हत्यार त्याआधीचं धरायला हरकत नाही. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या चाचणीघरांचे छाप वेगळे असतात, त्यांतही मुकुट असतो, म्हणून नुसता मुकुट बघून 'इंग्लंडचं' म्हणू नका.

सिलिंडरच्या मागच्या कडेला प्रत्येक खणापाशी छोटी खाच आहे का बघा. असेल तर हे पिनफायर, म्हणजे फ्रान्सच्या लफोशो घराण्याची पद्धत. काडतुसाच्या कुशीतून एक पितळी खिळा बाहेर येतो आणि घोडा वरून त्यावर बसतो. तशी काडतुसं घरात सुटी पडलेली असतील तर त्यांना मुलांचा हात लागू देऊ नका, खिळ्यावर आपटलं तरी ती उडतात. लिएजच्या छोट्या कारखान्यांनी ही रिव्हॉल्व्हरं ढिगाने बनवून जगभर विकली. वय भरपूर, मोल बेताचं. हस्तिदंती मूठ किंवा नक्षीकाम असेल तरच संग्राहक वळून बघतो.

प्रश्न : आमच्याकडच्या वेब्लीच्या पट्टीवर 'आर्मी अँड नेव्ही' असं कोरलंय. म्हणजे ते लष्कराचं ना? — एक वाचक, दादर

उत्तर : नाही, दुकानाचं. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये लंडनला 'आर्मी अँड नेव्ही' ही सहकारी संस्था काढली, तिचंच हे दुकान. मुंबई शाखेची इमारत काळ्या घोड्याला आजही उभी आहे, लोकलने चर्चगेटला उतरून बघून या. त्या काळी अधिकारी रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने घेत, आणि दुकानदार विकण्याआधी आपलं नाव कोरत. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडाचं नावही असंच सापडतं. सरकारी मालावर मात्र बाणाच्या टोकासारखी खूण असते. ती नसून दुकानाचं नाव असेल तर मूळ मालक कदाचित शोधता येईल. मूळ लाकडी पेटी, साफसफाईची सळई आणि तेलाची कुपी सोबत असली तर भाव चढतो. मात्र पेटीतल्या मखमलीवर वर्षानुवर्षांचे ठसे आणि रिव्हॉल्व्हरचा आकार जुळतोय का ते पाहा. जोड्या नंतर जमवलेल्याही असतात.

प्रश्न : इथे एका लिलावात कोल्ट १८५१ नेव्ही बघितलं, 'ओरिजिनल' म्हणतात. घ्यावं का? आणि सांगलीच्या काकांकडचं शंभर वर्षांहून जुनं रिव्हॉल्व्हर इकडे आणता येईल का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : काकांचं आधी सांगतो, नाही आणता येणार. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तिकडे १८९८ पर्यंतचं हत्यार संघराज्याच्या कायद्यात पुरातन धरतात, पण त्याचा इथल्या बंदीशी संबंध नाही. तुमच्या राज्याचे नियमही स्वतंत्र तपासा.

कोल्टबद्दल. सिलिंडरभोवती टेक्ससच्या आरमाराची १८४३ मधली लढाई उमटवलेली असते. फ्रेम, नळी, चापाचं कडं, मुठीची पट्टी या सगळ्यांवर एकच नंबर हवा. एक जरी वेगळा असला तर भाग बदललाय. इटलीत गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून हुबेहूब नकला बनतात. 'ब्लॅक पावडर ओन्ली' असा शिक्का दिसला की प्रश्न मिटला, कारण १८५१ साली दुसरी दारूच नव्हती. शिक्का घासून काढलेलाही असतो, तेव्हा नळीखालची, भार ठासायच्या दांड्यामागे झाकलेली जागा भिंगाने बघा. विक्रेता नळी उतरवू देत नसेल तर बोली लावू नका.

प्रश्न : वाटणीसाठी भाऊ आकडा मागतोय. इंटरनेटवर तसल्याच वेब्लीला अमेरिकेत हजार डॉलर दिसतात. तोच धरू का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : धरू नका. तिथे गिऱ्हाईक मोकळं आहे. इथे परवानाधारक किंवा शस्त्रविक्रेता यांनाच विकता येतं, आणि प्रतिबंधित बोअर असेल तर गिऱ्हाईक जवळजवळ उरतच नाही. हत्यार तेच असलं तरी बाजार वेगळा आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडून लेटरहेडवर मूल्यांकन घ्या. त्यात बनावट, बोअर, नंबर, मूळ थर किती शिल्लक आणि परवान्याची स्थिती या पाच गोष्टी लिहायला सांगा. दुसऱ्या विक्रेत्याकडून आणखी एक घेतलंत तर भावाशी वाद कमी होईल. हत्यार एकाच वारसाच्या नावावर जाणार असल्याने बाकीच्यांचा हिस्सा रोखीने चुकता करायची तयारी ठेवा.