लकवा, गुठळी आणि रक्तस्राव: तुमचे प्रश्न

बाबांचा उजवा हात लुळा पडला, बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणतात बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला आहे. असं उलटं कसं?

डॉक्टर बरोबर सांगतायत. मेंदूकडून हातापायांना जाणारे बहुतेक मज्जातंतू मानेच्या वर एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात, आणि बोलण्याची केंद्रं बहुतेकांची डावीकडेच असतात, म्हणून दोन्ही एकदम गेलं. मेंदूला रक्त येतं चार वाहिन्यांतून, मानेत पुढून दोन कॅरोटिड आणि मागून मणक्यांच्या भोकांतून वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल, तळाशी त्या सगळ्या एका कड्याला जोडल्या जातात, त्याला सर्कल ऑफ विलिस म्हणतात. खालची एखादी वाहिनी हळूहळू तुंबली तर कड्यातून दुसरीकडचं रक्त येऊन माणूस निभावून जातो कधीकधी, पण हे कडं सगळ्यांचंच पूर्ण नसतं आणि गुठळी कड्याच्या पुढे अडकली तर त्याचा फारसा उपयोग नाही. ती मिडल सेरेब्रलमध्ये, म्हणजे कड्यातून पुढे मेंदूच्या बाजूला जाणाऱ्या मोठ्या वाहिनीत, अडकते तेव्हा तोंड आणि हात पायापेक्षा जास्त जातात.

आईचं तोंड वाकडं झालं, हातातला कप पडला, पण पंधरा मिनिटांत एकदम नॉर्मल. आता उद्या सकाळी दाखवलं तर चालेल ना?

नाही. आत्ता निघा. याला टीआयए म्हणतात, गुठळी अडकली आणि आपोआप सुटली. बरं वाटतंय म्हणून घरी थांबतात लोक, आणि मोठा झटका येण्याची भीती पहिल्या 48 तासांतच सगळ्यात जास्त असते! मानेच्या वाहिन्या तपासायला हव्यात, ईसीजी हवा, हृदयाचे ठोके अनियमित असतील तर गुठळी तिथूनही येते.

हार्ट अटॅकमध्ये अ‍ॅस्पिरिन देतात, तशी लकव्यात घरीच दिली तर?

देऊ नका, प्लीज. झटका दोन तऱ्हेचा, गुठळीने रक्त अडतं किंवा वाहिनी फुटून मेंदूत रक्त सांडतं, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसू शकतात. जगभरात गुठळीवालेच जास्त, पण आपल्याकडे रक्तस्रावाचेही कमी नाहीत, बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं आणि गोळ्या मधेच सोडलेल्या. रक्तस्रावात अ‍ॅस्पिरिन घातक ठरू शकते, आणि फरक कळतो तो सीटी स्कॅनमध्ये. पाणीही पाजू नका, गिळता येत नसेल तर थेट फुप्फुसात जातं. बीपीची जादा गोळीही नको. फक्त एक करा, पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून घ्या, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि ते तास तिथून मोजतात. झोपेतून उठल्यावर कळलं तर रात्री झोपतानाची वेळ.

हातपाय चांगले चालतायत, नुसती चक्कर. मग लकवा नसणारच?

असू शकतो. मागच्या वाहिन्यांचा झटका असाच येतो. अचानक चक्कर, एकाचे दोन दिसणं, गिळताना ठसका, उभं राहिलं की तोल एका बाजूला जाणं, यातलं काही दिसलं तर पित्त म्हणून लिंबूपाणी देत बसू नका. आणि आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एका क्षणात ठणकायला लागलं तर वाहिनीवरचा फुगा फुटलेला असू शकतो.

अंगावरून वारं गेलं की आमच्याकडे कबुतराचं रक्त चोळतात. त्याने फरक पडतो का?

अजिबात नाही. हाताला काही झालेलंच नाहीये, बिघाड मेंदूत आहे, आणि चोळण्यात इंजेक्शनची वेळ जाते. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या हॉस्पिटलमध्येच न्या, जवळचं म्हणून भलत्याच दवाखान्यात नको.