वाचकांचे प्रश्न : हिमगौरी, शिकारी आणि आरसा

‘स्नो व्हाइट अँड द हंट्समन’ या २०१२ सालच्या चित्रपटावर गेल्या अंकात टिपण आले, त्यानंतर बरीच पत्रे आली. बहुतेकांचा सूर एकच होता : आम्हांला ठाऊक असलेली हिमगौरीची गोष्ट अशी नव्हती. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की पुढील उत्तरांमध्ये कथानक शेवटापर्यंत उघडे केले आहे.

प्रश्न : लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत शिकारी एकदाच येतो, मुलीला जंगलात सोडतो आणि नाहीसा होतो. चित्रपटात मात्र तो थेट शीर्षकात जाऊन बसला आहे. मुळात त्याचे काम किती आणि ते इतके वाढवणे योग्य आहे का?

उत्तर : मुळात त्याचे काम जेमतेम एका परिच्छेदाचे आहे, पण तो परिच्छेद सावकाश वाचण्यासारखा आहे. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या संग्रहात राणी त्याला आज्ञा देते, की मुलीला अरण्यात नेऊन ठार कर आणि खूण म्हणून तिची फुप्फुसे आणि यकृत घेऊन ये. तो सुरा उपसतो, मुलगी रडते, पुन्हा कधीही घरी येणार नाही म्हणून गयावया करते, त्याला दया येते आणि तो तिला जाऊ देतो. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. सांगताना सहसा गळते ते पुढचे वाक्य : हिला आता रानातली जनावरे लवकरच खाऊन टाकतील, असे त्याच्या मनात येते आणि तरीही आपल्या हातून हत्या झाली नाही म्हणून उरावरची धोंड उतरल्यासारखे त्याला वाटते. मग तो रानडुकराचे एक पिल्लू मारतो आणि त्याचे अवयव राणीला नेऊन देतो. राणी ते मिठात शिजवून घेते आणि खाते.

म्हणजे हा माणूस दयाळू आहे, पण अर्धाच. त्याने मुलीला वाचवले की वाऱ्यावर सोडले, हा प्रश्न गोष्ट तशीच ठेवून पुढे जाते. चित्रपटाने नेमकी ही अर्धी राहिलेली जागा हेरली आहे. इथला शिकारी बायको गमावलेला, दारूत बुडालेला माणूस आहे. तुझ्या बायकोला परत आणून देईन, या राणीच्या शब्दावर तो मुलीला पकडायला निघतो आणि तो शब्द खोटा होता हे कळल्यावर बाजू बदलतो. मुलीला अरण्यात सोडून परतण्याऐवजी तो तिच्याबरोबर अरण्य पार करतो. हा बदल मला मनापासून पटला. अरण्यात तो तिला एक डाव शिकवतो : शत्रू अगदी अंगाशी येईपर्यंत थांबायचे आणि मग सुरी खुपसायची. शेवटी राणीचा अंत याच डावाने होतो. एरवी कुऱ्हाड चालवण्यात त्याचा जो वेळ जातो, त्यातला निम्मा कापला असता तरी चित्रपटाचे काही बिघडले नसते.

योग्यायोग्यतेबद्दल म्हणाल तर त्याचे उत्तर पुढच्या प्रश्नात आपोआप येईल.

प्रश्न : परीकथांत सावत्र आईच नेहमी दुष्ट का असते? या चित्रपटाने तरी तो साचा मोडायला हवा होता, असे मला एक सावत्र आई म्हणून वाटले.

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि तिचे मूळ जिथे आहे ते पाहून आपल्याला कदाचित नवल वाटेल. ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १८१२ साली छापलेल्या पाठात, हिमगौरीला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे. खिडकीशी बसून शिवणकाम करताना जिच्या बोटाला सुई टोचते, बर्फावर रक्ताचे तीन थेंब पडतात आणि बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल, खिडकीच्या चौकटीच्या लाकडासारखी काळी मुलगी जी मागते, तीच आई पुढे त्या मुलीचे रूप सहन न होऊन शिकाऱ्याला बोलावते. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत एक छोटीशी भर पडली : बाळ जन्मताच राणी वारली आणि वर्षभराने राजाने दुसरे लग्न केले. एवढ्या एका भरीने आई निर्दोष झाली आणि सगळे पाप सावत्र आईच्या माथी गेले. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीतही मुलांना रानात सोडण्याचा बेत आधी सख्खी आईच करते. ती सावत्र झाली ती १८४० च्या आवृत्तीत.

पुढच्या आवृत्त्यांवरून हात फिरवण्याचे काम मुख्यतः धाकट्या भावाचे, विल्हेल्मचे. पुस्तक घराघरांत मुलांपुढे वाचले जाऊ लागले होते आणि पोटच्या पोरीच्या जिवावर उठलेली आई तिथे चालण्यासारखी नव्हती. बाळंतपणात स्त्रिया दगावण्याचे प्रमाण त्या काळी मोठे असल्यामुळे सावत्र आई ही घरोघरची ओळखीची व्यक्ती होती, त्यामुळे हा बदल कुणाला खटकलाही नसावा. तात्पर्य, ज्याला आपण ‘मूळ गोष्ट’ म्हणतो ती सुद्धा कुणीतरी बसून सुधारलेली प्रत आहे आणि म्हणूनच शिकाऱ्याचे काम वाढवल्याबद्दल मी दिग्दर्शकाला दोष देत नाही.

चित्रपटाने सावत्रपणाचा साचा मोडलेला नाही हे खरे, पण राणी रॅव्हेनाला त्याने कारणे दिली आहेत. लहानपणी तिची आई तिच्यावर मंत्र घालते : रूप हेच तुझे बळ आणि तेच तुझे रक्षण. राजेलोक स्त्रीला वापरतात आणि टाकून देतात, हे तिने पाहिलेले आहे. म्हणून लग्नाच्या रात्रीच ती राजाला ठार करते. चार्लीझ थेरॉन ही भूमिका करताना जिथे आवाज चढवते तिथे ती मला सामान्य वाटली आणि जिथे कुजबुजते तिथे भीती वाटली.

या संदर्भात एक प्रसंग आवर्जून पाहावा. पाण्यातल्या वस्तीत राहणाऱ्या बायका पळून आलेल्या राजकन्येला आसरा देतात. त्या सगळ्यांच्या गालांवर चिरल्याचे व्रण आहेत आणि तिथल्या लहान मुलीच्या गालावरही आहेत. राणी तरण्या मुलींचे तारुण्य शोषून घेते, म्हणून या बायकांनी आपणहून आपली रूपे बिघडवून घेतली आहेत. ‘सर्वांत सुंदर कोण’ या आरशातल्या प्रश्नाची किंमत राज्यातल्या बाकीच्या बायकांनी कशी मोजली असेल, हे जुन्या गोष्टीत कुणी विचारले नव्हते. इथे ते एकाही भाषणाविना दिसते.

प्रश्न : चुंबनाने राजकन्या जागी होते हे तरी मूळचे आहे ना? चित्रपटात राजकन्येचा बालमित्र विल्यम याच्या चुंबनाने काही होत नाही आणि शिकाऱ्याच्या चुंबनाने ती उठते, हे पाहून माझी मुलगी गोंधळली.

उत्तर : मूळचे नाही. १८१२ च्या पाठात राजपुत्र ती काचेची शवपेटी आपल्या वाड्यात नेतो आणि जिथे जाईल तिथे ती बरोबर वाहून न्यायला लावतो. या ओझ्याला कंटाळलेला एक नोकर पेटी उघडतो, तिला उठवून धरतो आणि वैतागून तिच्या पाठीत एक धपाटा घालतो. त्याबरोबर घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. पुढच्या आवृत्तीत धपाटा गेला आणि पेटी वाहणारे नोकर झुडपाला अडखळले. (धपाटा काढायला नको होता असे माझे मत आहे.) चुंबन हे खरे तर निद्रिस्त राजकन्येच्या गोष्टीतले आहे. हिमगौरीच्या गोष्टीत ते सर्वांच्या डोक्यात पक्के बसले ते वॉल्ट डिस्ने यांच्या १९३७ सालच्या चित्रपटामुळे.

आपल्या मुलीला असे सांगता येईल, की इथे विषारी सफरचंद आणून देणारी व्यक्तीही बालमित्र विल्यमचेच रूप घेऊन येते, तेव्हा त्याच चेहऱ्याच्या चुंबनावर गोष्टीने भरवसा ठेवला नाही हे एका परीने बरोबर आहे. शेवटी राज्याभिषेक होतो, शिकारी दालनाच्या मागच्या टोकाला येऊन उभा राहतो, दोघांची नजरानजर होते आणि चित्रपट संपतो. लग्न कुणाशीच लागत नाही.

प्रश्न : सात बुटके आठ कसे झाले? आणि ओळखीचे उंचपुरे नट एवढेसे कसे दिसतात?

उत्तर : सुरुवातीला आठ आहेत. त्यांतला सर्वांत तरुण गस राजकन्येवर आलेला बाण स्वतःच्या अंगावर घेतो आणि सात उरतात. इयन मॅक्शेन, रे विन्स्टन, टोबी जोन्स अशा नेहमीच्या उंचीच्या नटांना ठेंगणे दाखवण्यासाठी कॅमेऱ्याच्या करामती, संगणक आणि ठेंगण्या बदली कलावंतांची मदत घेतली गेली. हे पडद्यावर सफाईने उतरले आहे, पण ठेंगण्या उंचीच्या कलावंतांना मुळात भूमिका थोड्या मिळतात आणि त्याही अशा रीतीने हातच्या गेल्या, हा त्या वेळी घेतलेला आक्षेप मला योग्य वाटतो. याच टोळीत आंधळ्या मुइरच्या भूमिकेत बॉब हॉस्किन्स आहेत. त्याच वर्षी कंपवाताच्या आजारामुळे त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि हे त्यांचे पडद्यावरचे अखेरचे काम ठरले.

प्रश्न : त्याच वर्षी हिमगौरीवर आणखी एक चित्रपट आला होता ना?

उत्तर : होय, ‘मिरर मिरर’. दिग्दर्शक तरसेम सिंग, राणीच्या भूमिकेत ज्युलिया रॉबर्ट्स. तो थट्टेखोर आणि रंगीबेरंगी आहे, हा काळवंडलेला आणि चिखलात माखलेला आहे. वेशभूषेच्या ऑस्करसाठी मात्र दोघांनाही नामांकन होते. तरसेम यांच्या चित्रपटाच्या वेशभूषाकार एइको इशिओका तो प्रदर्शित होण्याआधीच, २०१२ च्या जानेवारीत, निवर्तल्या होत्या.

प्रश्न : आरशाचे दृश्य आपण टिपणात ‘चित्रपटातील सर्वोत्तम’ म्हटले. का?

उत्तर : कारण तिथे नव्या तंत्राने जुन्या वस्तूचा धाक वाढवला आहे. भिंतीवर सोन्याच्या मोठ्या थाळीसारखा आरसा आहे. राणी प्रश्न विचारते तेव्हा त्यातून वितळलेले सोने ओघळते, फरशीवर पसरते, वर चढते आणि डोक्यावरून वस्त्र घेतलेल्या माणसाचा आकार घेऊन तिच्यापुढे उभे राहते. त्याला चेहरा नाही. त्याच्या चकचकीत अंगात दिसते ते राणीचेच प्रतिबिंब. उलट, ओहोटीच्या वेळी समुद्रकिनाऱ्यावरून किल्ल्यावर चालून जाणारे सैन्य (वेल्समधील पेम्ब्रुकशरचा तो किनारा सुंदर आहे यात वाद नाही) दहा चित्रपटांत पाहिल्यासारखे वाटते. आरसा, सफरचंद, बर्फावरचे तीन थेंब, एवढ्या वस्तूंवर जोवर भिस्त ठेवली आहे तोवर चित्रपट पकड सोडत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला दाखवावा का?

उत्तर : इतक्यात नको. अमेरिकेत या चित्रपटाला तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारे प्रमाणपत्र दिले गेले आणि अरण्यातील भासांचा भाग, तसेच राणी एका मुलीच्या तोंडातून तारुण्य ओढून घेते तो प्रसंग पाहता ते बरोबर आहे. गोष्ट मात्र जरूर वाचून दाखवावी. ग्रिम बंधूंच्या पाठात आरसा पहिल्यांदा हिमगौरीचे नाव घेतो, तेव्हा तीही सातच वर्षांची असते.