नवा चेनसॉ: पहिल्या तीन टाक्या

द्राक्षाचा हंगाम उरकला की आमच्या वर्कशॉपच्या दारात चेनसॉ यायला लागतात. कुणाला जुनी बाग मोडायची असते, कुणाला पावसाआधी बांधावरच्या सुबाभळी उतरवायच्या असतात. यंदा आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे नव्या मशीनचे आहेत.

नवा चेनसॉ घेतलाय. आधी तासभर नुसता चालू ठेवू का? (दिंडोरी)

नको. पिस्टनची रिंग सिलिंडरला नीट बसते ती आतल्या वायूच्या दाबानं, आणि तो दाब मशीन लाकडात असतानाच तयार होतो. नुसतं स्लोवर, म्हणजे रेस न देता, ठेवलंत तर प्लग काळा होईल आणि सायलेन्सरमध्ये कार्बन धरेल, एवढंच. दुसरं टोक त्याहून वाईट. मशीन हवेत धरून पूर्ण रेस द्यायची आणि पोरांना आवाज ऐकवायचा, ही हौस पहिल्या तीन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत तरी आवरा. लोड नसताना इंजिन मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतं, आणि आतले भाग अजून एकमेकांना रुळलेले नसतात.

मग करायचं काय? मनगटाएवढ्या फांद्या, फार तर मांडीएवढे ओंडके घ्या. लाकडात असताना रेस पूर्ण द्या; अर्ध्या रेसवर कापलंत तर क्लच घसरून तापतो. काप संपला की लगेच ट्रिगर सोडा. बराच वेळ कापल्यावर मशीन एकदम बंद करू नका, अर्धा मिनिट स्लोवर राहू द्या, म्हणजे पंख्याची हवा सिलिंडरला मिळते. खरी ताकद पाच ते पंधरा टाक्यांनंतर येते. तोवर ‘दम नाही’ म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू पिळू नका.

पुस्तिकेत 50:1 लिहिलंय. शेजारी म्हणतात, नव्या मशीनला दुप्पट ऑइल घाल. (पिंपळगाव बसवंत)

शेजाऱ्यांची माया समजते, पण पुस्तिकेचं ऐका. 50:1 म्हणजे लिटरभर पेट्रोलला 20 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल. काही मशीनना 25:1 लागतं, म्हणजे 40 मिली. ऑइल वाढवलं की कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक भोकातून) जाणारं पेट्रोल कमी होतं, मिश्रण कोरडं पडतं आणि इंजिन जास्त तापतं. वर कार्बन साचतो तो वेगळाच. चारचाकीचं इंजिन ऑइल तर अजिबात नको.

आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. म्हणून मिक्स (ऑइल घातलेलं पेट्रोल) लागेल तेवढंच करा, महिन्याच्या आत संपवा आणि टाकीत ओतण्याआधी कॅन हलवा.

माझं स्वतःचं पहिलं मशीन मी दोन सारख्या पांढऱ्या कॅनपायी घालवलं. एकात मिक्स होतं, दुसऱ्यात मोटारसायकलचं साधं पेट्रोल. निलगिरीच्या तिसऱ्या ओंडक्यात आवाज बारीक होत चढत गेला आणि खट्‌कन थांबला. दोरी ओढली, हलेना; ऑइलविना इंजिन जाम झालं होतं. तेव्हापासून मिक्सच्या कॅनच्या मुठीला लाल चिंधी बांधलेली असते.

नवी चेन पहिल्याच दिवशी दोनदा सैल झाली. माल खराब आहे का? (सुरगाणा)

नाही, नवी चेन ताणली जातेच. थंड असताना बारच्या (चेन ज्या पट्टीवर फिरते तिच्या) खालच्या कडेला टेकेल आणि हातमोजा घालून ओढली तर सरकेल, इतपत ताण ठेवा. गरम असताना आवळलीत तर काम संपल्यावर सैल करायला विसरू नका. थंड होताना ती आकसते आणि क्रँकशाफ्टवर ताण येतो.

एका ओळखीच्यांकडे ‘दोनच टाक्या चाललेलं’ मशीन स्वस्तात आहे. घेऊ का? (सिन्नर)

दोन टाक्यांची मला काळजी नाही. त्यानंतर ते किती दिवस पेट्रोलसकट पडून होतं, ते विचारा. जाण्याआधी फोन करून सांगा, ‘मी येईपर्यंत चालू करू नका.’ गरम मशीन बरंच काही लपवतं.

तिथे सायलेन्सरचे बोल्ट काढा आणि बॅटरी लावून पोर्टमधून (सायलेन्सरमागच्या भोकातून) पिस्टन बघा. गुळगुळीत असेल तर ठीक. उभे ओरखडे दिसले तर चहा घेऊन घरी या. मग स्विच बंद ठेवून मशीन दोरीच्या मुठीला उचला: कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चांगलं असेल तर ते अडखळत, हळूहळू खाली येतं, सरळ खाली गेलं तर रिंग गेलीय. चालू केल्यावर स्लोवर आवाज आपोआप वर-खाली होत असेल तर बहुधा कुठून तरी हवा खेचतंय. तेव्हा स्क्रू फिरवून आवाज सरळ करून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

घेतलंत तर पेट्रोलची नळी, आतला फिल्टर, प्लग आणि कार्बोरेटरचा डायाफ्राम (आतला पातळ पडदा) बदला. दोन टाक्यांत रिंग पुरती बसलेली नसते, म्हणून पुढच्या टाक्या नव्यासारख्याच चालवा.

आठवड्यातच कापणं मंदावलं. इंजिन बसलं का? (निफाड)

खाली काय पडतंय ते बघा. ढलप्या पडत असतील तर चेन ठीक आहे; पिठासारखा भुगा पडत असेल तर धार गेलीय. बहुतेक वेळा बुडखा कापताना चेन मातीला लागलेली असते. अशा चेननं दाबून कापलंत तर नवं इंजिन उगाच तापतं. .325 पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधलं सरासरी अंतर, इंचात) चेनला 4.8 मिमीची गोल कानस लागते. प्रत्येक दाताला दोन-तीन हात, आतून बाहेर, परत येताना कानस उचलून.